सानगडी ते अड्याळ निर्बंध हटाव

७ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. सहनशक्ती संपली की माणसानं एकतर रस्त्यावर उतरावं, नाहीतर लिहायला बसावं. मी दोन्ही करणार आहे. आज थंडी आहे म्हणून आधी लिहायला बसलो.

कोरोनाचे निर्बंध लागून दीड वर्ष उलटून गेलं. लग्नाला इतकेच, मयतीला तितकेच, चौकात उभे राहाल तर पोलीस. माझ्या 'कौशल्या साउंड सर्व्हिस'चे दोन्ही भोंगे माळ्यावर पडून आहेत. मोजक्या माणसांच्या लग्नाला भोंगा कोण लावतो? नवरदेव नुसता खाकरला तरी शेवटच्या पंगतीला ऐकू जातं.

धंद्याचं एक वेळ जाऊ द्या. ज्या कौशल्याच्या नावानं धंदा, ती माझी बायकोच निर्बंधांमुळे माहेरी अडकून पडली आहे. अड्याळला. भावाच्या पोराच्या बारशाला गेली आणि लॉकडाउनमध्ये सापडली. अड्याळ काही लंडनजवळ नाही, याच भंडारा जिल्ह्यात आहे. पण सरकारला कोण सांगणार?

मी सांगणार. मंगरूच्या पानठेल्यावर 'निर्बंध हटाव कृती समिती' स्थापन केली. अध्यक्ष: टिकाराम, म्हणजे मी. सचिव, सदस्य आणि जनता: मंगरू. तंबाखू-सुपारी चोळत तो म्हणाला, हा खर्रा घोटू दे, मंग होतो.

९ नोव्हेंबर
मंगरूचा आगाऊ प्रश्न. म्हणे, वहिनी एकदा वापस आली होती ना?

आली होती. ते प्रकरण वेगळं. पहिल्या लॉकडाउनचा एप्रिल. मी ग्राम दक्षता समितीचा अध्यक्ष. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला, माझ्या हातानं, शेजारी टेबलावर माइक. कौशल्या तिच्या भावाच्या, कमलेशच्या, मोटारसायकलवर बसून आली. ऊन मी म्हणत होतं. बांबूपलीकडून ती काहीतरी बोलत होती, पण नियम म्हणजे नियम. मी माइकवर जाहीर केलं की बाहेरच्या व्यक्तींना गावात प्रवेश नाही. सबंध सानगडीनं ऐकलं. आवाज क्लिअर होता, एकोसुद्धा बरोबर लागला होता. टिकारामनं बायकोलाही सोडलं नाही म्हणून लोक आठवडाभर माझंच नाव घेत होते.

कौशल्यालाही अभिमान वाटला असणार. एक शब्द न बोलता मागे फिरली. एवढी शिस्त गावात दुसऱ्या कोणात नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार
आज अड्याळची मंडई. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडईला जावयाला बोलावणं नाही असं होत नाही. सासरा वारला तर मेव्हणा बोलावतो. मेव्हण्याशी वाकडं असेल तर त्याचा शेजारी बोलावतो. मला कोणीच बोलावलं नाही. यावरून तिथं निर्बंध किती कडक असतील याची कल्पना यावी. जावईसुद्धा मोजून घेत असणार.

संध्याकाळी: मंगरू अड्याळच्या मंडईला जाऊन आला. कोणी बोलावलं विचारलं तर म्हणे, मंडईले बोलावणं कायले लागते? गर्दी एवढी की ह्याची एक चप्पल गेली. दंडारीचा नाच झाला, शिंगाडे-जिलेबी झाली. कौशल्या दिसली म्हणाला. भज्यांचं दुकान लावून बसली होती, पुढे लाइन, ह्यालाही एक प्लेट दिली.

बिचारी. अडकून पडलेल्या माणसाला हात चालता ठेवावाच लागतो. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का? मंगरूनं नीट आठवून पाहिलं आणि सांगितलं, चटणी तिखट होती.

२० नोव्हेंबर
कारण सापडलं. एसटीचा संप. एकटी बाई येणार कशी? मंगरू म्हणतो संप हा काही कोरोनाचा निर्बंध नाही. पण परिणाम तोच, म्हणून समितीच्या अजेंड्यावर घेतला. काळीपिवळी जीप चालू आहे, मला दिसते. काळीपिवळीत तिला मळमळतं. माझी मोटारसायकलही चालू आहे, पण अध्यक्षच आंदोलन सोडून गेला तर जनतेनं कोणाकडे बघायचं?

संकल्प: साखळी उपोषण.

२९ नोव्हेंबर, सोमवार
साखळी उपोषण झालं. पोलीस पाटील आधीच बजावून गेला होता की पाचपेक्षा जास्त माणसं जमवू नका. जमली नाहीत. सकाळची पाळी माझी, दुपारची मंगरूची. मंगरू आपल्या पाळीत घरी जाऊन जेवून आला. खडसावलं तर म्हणाला, साखळीत एक कडी ढिली असली त चालते. मी मात्र माझी पाळी निष्ठेनं पाळली. चहा आणि दोन आलुबोंडे सोडले तर पोटात काही नाही.

आंदोलनाची दिशा बदलण्याचा विचार आहे.

१८ डिसेंबर
नवा जुलूम: दोन डोसांशिवाय प्रवास नाही. नागपूरला दिलेल्या आमच्या रुपाला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईचे डोस राहिले असतील म्हणून ती येत नसेल. रुपा म्हणाली, आईनं दोन्ही कधीच घेतले, केंद्रावर पहिला नंबर तिचाच होता. तुमचा दुसरा कधी?

नागपूरच्या थंडीची चौकशी केली. माझा दुसरा डोस मी तत्त्वासाठी राखून ठेवला आहे. पहिल्याच्या वेळी चक्कर आली होती, ती उपाशीपोटी गेल्यामुळे.

रुपा म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा अड्याळला जाऊन या. मी म्हणालो, एका डोसवर प्रवास बेकायदेशीर आहे. म्हणे, स्वतःच्या गाडीवर? पोरींना शिकवलं की असे प्रश्न येतात.

९ जानेवारी, रविवार
उद्यापासून पुन्हा निर्बंध. रात्रीची संचारबंदी, लग्नाला पन्नास माणसं. बातमी ऐकून फार वाईट वाटलं. एवढं वाईट वाटलं की ठेल्यावर सगळ्यांना चहा पाजला. संध्याकाळी भाकरही एक जास्त गेली. कौशल्या येऊ शकत नाही हे आता खुद्द सरकारच म्हणतं आहे, आणि सरकारपुढे कोणाचं काय चालतं.

मंगरू म्हणाला, अध्यक्ष, तुमी खुश दिसून राहिले. मी म्हणालो, हा संताप आहे.

२ फेब्रुवारी
पुन्हा ढिलाई. सरकारचा एक निर्णय टिकत नाही.

आज कौशल्याला फोन केला. बऱ्याच महिन्यांनी, स्वतःहून. तिनं उचलला. मी समितीच्या कार्याचा आढावा सादर केला, साखळी उपोषणापासून. मागे तेलाची चरचर ऐकू येत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, आनखी काही? मी म्हणालो, संघर्ष सुरू आहे, तू धीर सोडू नको. ती म्हणाली, मी कायले सोडू? घाणा जळून राहिला, ठेवते.

अर्थ स्पष्ट आहे. धीर सोडलेला नाही.

संध्याकाळी भात टाकला आणि पुन्हा दोघांचा झाला. एकट्याचा भात कसा मोजायचा ते अजून हाताला कळत नाही. घर फार मोठं वाटलं. हेही निर्बंधांचेच दुष्परिणाम, निवेदनात घालायला हवेत.

४ मार्च, शुक्रवार
साकोलीला तहसीलवर प्रचंड मोर्चा. एक भोंगा बरोबर नेला. उपस्थिती: मी, मंगरू आणि सातबाऱ्यासाठी आलेले एक म्हातारबा, ज्यांना वाटलं की सातबाऱ्याची रांग हीच. घोषणा झाल्या. बाबू बाहेर आला. सभ्य माणूस. त्यानं विचारलं, नेमका कोणता निर्बंध हटवायचा आहे? बरेचसे तर हटलेच आहेत.

मी म्हणालो, सानगडी ते अड्याळ.

असा निर्बंध कधी नव्हताच म्हणाला. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कोणीही कुठेही जातं. मी म्हणालो, मग माझी बायको काहून येत नाही?

माझ्या हातातला माइक चालू होता. कचेरीच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. कोणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हातारबाच बोलले. म्हणाले, बापू, ते तलाठ्याकडं भेटते.

परतीच्या वाटेवर मंगरूनं राजीनामा दिला. लग्नसराई आली, खर्ऱ्याला गिऱ्हाईक वाढलं म्हणे. मी राजीनामा फेटाळला. मंगरू म्हणाला, फेटाळा.

३१ मार्च, गुरुवार
सगळे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

मंगरूनं माझ्या नावानं पेढे वाटले. लोक हात मिळवायला येत होते, दोन वर्षांनी हातात हात. टिकारामभाऊ, जिंकले तुमी. मी हसलो. घरी येऊन सगळ्या चॅनलवर तीच बातमी पाहिली. म्हटलं एखादा छोटासा तरी ठेवला असेल. एकही नाही.

हे बेजबाबदारपणाचं आहे. टप्प्याटप्प्यानं उठवायला हवे होते. सामान्य माणूस एकदम एवढं मोकळं सोडलं तर गडबडून जातो, याचा विचारच नाही. आमचा साकोली आणि अड्याळचा पवनी या दोन तालुक्यांदरम्यान निदान पंधरा दिवस काहीतरी चालू ठेवावं, अशा निवेदनाचा मसुदा केला. मंगरू सही करायला तयार नाही. म्हणे, आपलं नाव 'हटाव' समिती आहे ना?

सदस्यांना दूरदृष्टी नाही.

२ एप्रिल, शनिवार, पाडवा
पहाटेच अंगण सारवलं. गुढी उभारली, जरा कलली आहे. भोंगे माळ्यावरून काढून पुसले. तिला प्रवासातून आल्यावर लगेच आंघोळीला बादली लागते, ती घासून ठेवली.

अड्याळकडून येणारी प्रत्येक काळीपिवळी पाहिली. दुपारी एकीतून अगदी कौशल्याच्या उंचीची बाई उतरली. माझ्याकडे आली आणि दवाखाना कुठे म्हणून विचारलं. सांगितला.

संध्याकाळी रुपाला फोन. तुझ्या आईपर्यंत बातमी पोचली की नाही? रुपा म्हणाली, बाबा, आई बातमीसाठी थांबली नाहीये हो.

म्हणजे पोचलेली नाही. संकल्प: मी स्वतः जाऊन जाहीर करणार.

३ एप्रिल, रविवार
मंगरूच्या भाच्याचा मालवाहू ऑटो ठरवला. मागे दोन्ही भोंगे बांधले. मी ऑटोवाल्याशेजारी. वाटेत बोलणं पाठ केलं.

कमलेशच्या दारासमोर ऑटो उभा केला. टेस्टिंग केली. मग जाहीर केलं की शासनानं सर्व निर्बंध उठवले आहेत, तरी अडकून पडलेल्या व्यक्तींनी तात्काळ आपापल्या घरी परतावे. दोनदा जाहीर केलं. आजूबाजूची दारं उघडली. कमलेश ओसरीवर येऊन उभा राहिला आणि डोक्याला हात लावून आत गेला.

कौशल्या बेसनाचे हात पुसत बाहेर आली. दोन वर्षांनी पाहिली. चांगली दिसत होती, माझ्याशिवाय दिसायला हवी त्यापेक्षा जास्तच चांगली. छातीत काहीतरी हललं. भोंग्याचा बेस जास्त झाला असेल.

ती म्हणाली, "आंधी तो भोंगा बंद करा."

केला.

"त्या दिवशी मी पाणी मांगून राहिली होती. गिलासभर पाणी. तुमी माइकवर बोलले. मले आपल्याच गावाच्या तोंडाशी बाहेरची केली, आन् सबन गावानं आयकलं." आवाज चढवला नाही तिनं. "आता मी इथं उभी आहो, दोन हातावर. तुमाले काय म्हणाचं आहे ते बिना भोंग्यानं म्हणा. मी ऐकून राहिली."

म्हणायचं होतं. पाठ केलेलं सगळं माइकचं होतं, ते चालणार नव्हतं. वेगळं एक वाक्य होतं, लहानसंच, ते अगदी ओठापर्यंत आलं. पण एवढ्या जवळ उभ्या असलेल्या माणसाशी किती आवाजात बोलायचं तेच मला समजेना. ती थांबली. बराच वेळ थांबली, हे मान्य करावं लागेल.

मी म्हणालो, "सिलिंडर संपला. आता बुकिंग तुया मोबाईलवरूनच होते."

तिनं कमरेचा मोबाईल काढला आणि तिथंच उभ्या उभ्या बुक केला. म्हणाली, मेसेज आला का नंबर पाठवते. आत गेली. मला वाटलं संपलं. पण पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आली. उन्हातून आले तुमी, म्हणाली. मी प्यालो. माठातलं होतं, गार. गिलास घेऊन ती आत गेली ती परत आली नाही.

येताना ऑटोवाल्यानं गाणी लावू का विचारलं. नको म्हणालो.

६ एप्रिल, बुधवार
सिलिंडर आला. कौशल्यानं सकाळीच नंबर पाठवला होता. चार आकडे, मागेपुढे काही नाही. तो ओटीपी सिलिंडरवाल्याला सांगितला, सिलिंडर ताब्यात मिळाला.

तिला कळवणं भाग होतं. 'मिळाला' असं लिहिलं. नंतर खाली बरंच लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. दुपार गेली. शेवटी 'मिळाला, सहकार्याबद्दल धन्यवाद' एवढं पाठवलं. तिनं वाचलं.

मंगरूला विचारलं, सिलिंडर किती दिवस जातो? म्हणाला, एकट्या माणसाले तीन महिने कुठंच जात नाही.

तीन महिने फार झाले. बाहेर ऊन असं पडलं आहे की टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही. तरी उद्यापासून आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणार.