बंदुकीचा कान

१२ ऑगस्ट, सोमवार

ऋता वर्कशॉपमध्ये आली, बंदूक बाकावर ठेवली आणि म्हणाली, "प्रल्हाददादा, ही स्लो करून द्या."

मला काही कळेना. जुनी पॉइंट टू-टू, एका वेळी एकच गोळी घेणारी, नळी आतून झिजलेली. तिच्या वडिलांची, गुरुदत्तकाकांची. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आल्यावर ते डोंगरापलीकडच्या याकिमा गावी डॉक्टर होते, तेव्हा बागेतल्या घुशींसाठी घेतलेली. आमचा मालक वेंडेल अशा म्हाताऱ्या बंदुकांच्या ठासणीच्या बंदुका करून देतो. मागचं तोंड कायमचं बंद. पुढून दारू ओतायची, गोळी ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, मग चाप ओढायचा. हौशी लोक येतात.

ऋता हौसेने आली नव्हती. फेब्रुवारीत तिची आई, शरयूकाकू गेल्या. तेव्हापासून काका बॉथेलच्या घरात एकटे. मागच्या आठवड्यात ती गेली तर बंदूक मांडीवर घेऊन बसलेले! "साफ करतोय," म्हणाले. जवळ तेल नाही, चिंधी नाही.

"काढून घे ना त्यांच्याकडून."

"घेतली होती. दुसरी आणीन म्हणाले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे मीच डॉक्टर आहे. पण ठासणीची करून घेऊ म्हटल्यावर तयार झाले. भरायला किती वेळ लागतो?"

"दीड-दोन मिनिटं. हात थरथरत असेल तर तीन."

"तीन मिनिटं," ती म्हणाली. मग परत एकदा म्हणाली.

१३ ऑगस्ट

तीन मिनिटांत किती जप होतो ते मोजून पाहिलं. एक माळही पुरी होत नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

काकांकडे जाऊन आलो.

"काय करून राहिला बे, आयटीआय? पेशंट कसा आहे माझा?"

"टेबलावर घेतलाय, काका."

"मारू नको म्हणजे झालं. मी चाळीस वर्षांत दोनच मारले, तेही गोरे."

हसलो दोघं. दाढी वाढली आहे. सदरा उलटा घातला होता. "कांचनला सांग, भाजी फर्स्टक्लास होती." दूध काढायला मी फ्रिज उघडला. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी दिलेले सगळे डबे तिथेच. एकही उघडलेला नाही. प्रत्येकावर पट्टी, पट्टीवर त्यांच्या डॉक्टरी अक्षरात तारीख. माझ्या बायकोचा, कांचनचा डबा सर्वांत मागे.

निघताना दारापर्यंत आले. सहज विचारावं तसं म्हणाले, "एकदा भरून ठेवली की किती दिवस चालते रे ती?"

मी म्हटलं, "भरून ठेवायची नसते, काका."

"ते झालं रे. पण चालते किती?"

१८ ऑगस्ट

म्हणजे ती तीन मिनिटं गेलीच. एखाद्या चांगल्या सकाळी, चहा पिऊन, बंदूक भरून कोपऱ्यात उभी करता येते. आणि वाईट दिवशी नुसता चाप.

ऋता त्या तीन मिनिटांवर विसंबून आहे. तिला काय सांगू?

२० ऑगस्ट, मंगळवार

आमच्या शाळेच्या आवारात गढीवरची एक तोफ पडलेली होती. माघार घेणारं सैन्य तोफा ओढून नेऊ शकलं नाही की तोफेच्या कानात खिळा ठोकून जायचं, असं गुरुजी सांगायचे. कान म्हणजे मागचं बारीक भोक. बत्ती तिथून आत जाते. कान बुजवला की तोफ बहिरी. बाहेर कितीही आग लावा, आत ऐकूच जात नाही.

टोपीच्या खाली आम्ही जे भोक पाडतो, त्याला इथे दुसरंच नाव आहे. मी मनात कानच म्हणतो.

दिवसभर तेच डोक्यात. पण वेंडेल! प्रत्येक बंदूक उडवून बघितल्याशिवाय देत नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "माझ्या दारातून न उडणारी बंदूक बाहेर गेलेली नाही, प्रल." एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्याच्याशी एका शब्दाने खोटं बोललेलो नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

केलं.

कान पाडला, पण आरपार नाही. वरून बघितलं तर भोक दिसतं. आत तांदळाच्या दाण्याएवढं पोलाद राखलं आहे. चाचणीच्या वहीत "उडाली" लिहिलं आणि सही केली.

वेंडेल जेवून आला. "डॉक्टरची उडवलीस? मला आवाज नाही आला."

"तुम्ही बाहेर होता."

"कान गेले म्हणायचे माझे!" म्हणून हसला. मलाही हसावं लागलं.

हात धुतले. देवासमोर बसलो पण माळ हातात घेववेना.

२४ ऑगस्ट, शनिवार

काका बंदूक घेऊन गेले. लाकडाला पॉलिश केलं होतं, त्यावरून हात फिरवत राहिले. "देखणी झाली रे!" मला बरं वाटलं. का वाटावं?

३० ऑगस्ट, शुक्रवार

काकांचा फोन. "उडत नाही रे तुझी बंदूक. टोपी वाजते. पुढे काहीच नाही."

"कशावर मारत होता, काका?"

श्वास ऐकू येत होता.

"डब्यावर," म्हणाले.

डबा नव्हता तो, हे मला कळलं. म्हटलं, "दारू ओलसर असेल. मी बघतो. दुसऱ्या कुणाकडे नेऊ नका." बरं म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं!

मग ऋताला लावला. "काकांना एकटं ठेवू नकोस."

"का? काही बोलले का तुमच्याशी?"

"तसं नाही."

खरं सांगितलं तर ती जाब विचारेल, आणि ते दुसऱ्या दुकानात जातील. या बहिऱ्या बंदुकीवर त्यांचा भरवसा आहे तोवर ते आहेत. असं मी स्वतःला सांगतो. ऋता म्हणाली, खालची खोली रंगवून होते आहे, पंधरा तारखेला त्यांना माझ्याकडेच आणते.

पंधरा दिवस, पांडुरंगा.

५ सप्टेंबर, गुरुवार

विमानाने फ्रीमाँटला निघालो. कांचनच्या बहिणीकडे गणपती आहे. कांचन म्हणाली, चेहरा बघा आरशात, सणाला चाललोय आपण.

काल वेंडेलला सांगायला त्याच्या बाकापाशी गेलो होतो. तो कानस साफ करत होता. "काय रे?" म्हणाला. "काही नाही, सोमवारी येतो," एवढंच निघालं तोंडातून. आल्यावर सांगेन.

७ सप्टेंबर

आरतीला उभा होतो. ओठ हलत होते नुसते.

९ सप्टेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत वेंडेल खुशीत सांगत होता. "शुक्रवारी डॉक्टर स्वतः आला. भोक आरपार पाडायचं राहिलं होतं तुझ्याकडून, प्रल! होतं असं कधी. मी लगेच पाडून दिलं. पहिल्याच टोपीला उडाली. माझा हात दोन्ही हातांत धरून थँक यू म्हणाला."

सकाळपासून फोन लॉकरमध्ये होता. ऋताचे सहा कॉल आहेत. तिला लावायच्या आधी हे लिहितोय. नंतर लिहिता येणार नाही.