शेवटचा जाड कांदा

रविवार, ११ जानेवारी

सासरे खोटं बोलतात असं सुनेनं लिहू नये. पण आज पाहिलं ना मी!

बाबा फौजेत लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे, हे आठ वर्षं ऐकतेय. आमचे हे तर चारचौघांत छाती फुगवून सांगतात. मग बाबा घरची स्कूटर का नाही चालवत? "सूनबाई, आता नजर साथ नाही देत," म्हणे.

आज माझं बोट कापलं, म्हणून पाहुण्यांच्या पोह्यांसाठी कांदे चिरायला ते बसले. मी दारातून बघत होते. सुरीकडे न बघता सरसर चाललेला हात, आणि परातभर कांदा तांदळासारखा बारीक. ज्यांनी घरात कधी चहासुद्धा केला नाही, ते! माझी चाहूल लागली आणि शेवटचा कांदा त्यांनी जाडजूड, वेडावाकडा चिरला. मुद्दाम.

म्हणजे फौजेत स्वयंपाकी होते? मग त्यात लपवण्यासारखं काय? की मुलाच्या नजरेतून उतरण्याची भीती वाटते?

मी बारीक कांदा पोह्यांत मिसळून टाकला, वर शेव, जिरावनचा मसाला आणि तो शेवटचा जाड कांदा पेरला.

प्लेटमधला जाड कांदा बघून हे हसले, "रहने दो बाबा, तुम्ही ट्रकच चालवा!"

सगळ्यांत मोठ्यानं बाबाच हसले. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.