मशीन विचार करतंय तोवर

चिरंजीव गोगलगाईस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू स्वतः आजोबा झालास, टक्कल पडलं, पण पाकिटावर तुझं खरं नाव आणि आत गोगलगाय, हे मी आहे तोवर असंच चालायचं. गुडघा कसा आहे? माझा डावा बरा आहे. उजव्याला वाटतं आपण कुणी मोठे पाहुणे आहोत, उठायचं म्हटलं की त्याची मनधरणी करावी लागते. कान मात्र शाबूत आहेत, आणि ते या घरात कुणाच्याच सोयीचं नाही. पत्र नेहमीप्रमाणे सूनबाई लिहिते आहे. मी सांगीन तेवढंच लिहायचं, मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही, असं ठरलं आहे. (मामा, नमस्कार. मी काहीच घालत नाही. – सून)

तर विषय असा. आमच्या नातीला, म्हणजे तुफानला (तिचं खरं नाव तू ठेवलंस, पण ते फक्त तिच्या ऑफिसात चालतं), आपल्या खेळाच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, बदलायचा आहे. बदलावा की नाही, हे ती बापाला विचारत नाही, कारण त्याला त्या डब्याचं चालू करायचं बटण अजून सापडलेलं नाही. ती म्हणते, मामाआजोबा म्हणतील तसं. तू टेलिफोन खात्यात जन्मभर तारा जोडल्यास आणि हा डबा जमवताना तिच्याशेजारी मांडी घालून बसलास, तेव्हापासून यंत्राच्या बाबतीत तुझा शब्द अखेरचा. म्हणून हकिगत पहिल्यापासून सांगते. तू अर्धं ऐकून मान हलवतोस, ती सवय या वेळी नको.

डबा ठेवलाय माझ्या खाटेशेजारी, कारण हॉलमधला धड प्लग तेवढाच. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे. खेळ आहे राजांचा. तुफान आपली चाल करते, म्हणजे इथे किल्ला बांधला, तिथे पूल पाडला, अमक्याशी तह केला, आणि बटण दाबते. मग उरलेले सगळे राजे आपापली चाल ठरवतात. ते सगळे राहतात त्या एकट्या प्रोसेसरच्या डोक्यात. (एका डोक्यात इतके राजे! आपल्या आत्याच्या डोक्यात एकच राणी होती, तरी घर हैराण.) खेळाच्या सुरुवातीला राजे गरीब असतात, पटकन उरकतं. पुढे राज्यं वाढली, सैन्यं वाढली, की एकेकाला विचार करायला वेळ लागतो. पडद्यावर चकती फिरत बसते. सगळ्यांचं झालं की टिंग वाजतं. चकतीपासून टिंगपर्यंत तुफान काय करते? त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीसकट माझ्याकडे वळते, पाय खाटेवर टाकते आणि म्हणते, "हं आजी, मग?"

मग काय, मी सुटते. बाबांचं शिवणाचं दुकान काढते. कापायच्या टेबलावर आपण खडूने पट आखायचो, ते तुला आठवतं ना रे? कोटाचं बटण राजा, मोठा हुक वजीर, शर्टाची बटणं प्यादी. आणि तुझी चाल! तुझी चाल होईस्तोवर मी पायजम्याला नाडी ओवायची, काजं करायची, पुढच्या दुकानातून दोरा आणायची, आणि परत येऊन बघावं तर तू हनुवटीला हात लावून तिथेच. बाबा मशीन थांबवून चष्म्यावरून बघायचे, "झाली का चाल?" तू म्हणायचास, "बघतोय." एकदा बाबांनी वाट बघून बघून कंटाळून पटावरच कोटाचं काळं कापड पसरलं, आणि गिऱ्हाइकाच्या पाठीवर पांढऱ्या चौकटी उमटल्या. ब्रशने झाडून झाडून बाबांचा हात दुखला, आणि तू काय म्हणालास? "माझा वजीर कुठे गेला?" गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय.

मी तेव्हा तुझ्यावर चिडायची. पण आता पडल्या पडल्या आठवतं ते तेच. मशीनच्या पायपट्टीची टकटक, इस्त्रीखाली ओल्या कापडाची वाफ, आणि तुझ्या चालीची वाट बघत आपल्या चाललेल्या गप्पा. किती बोलायचो रे आपण! कुठला डाव कोण जिंकलं, ते मात्र काहीच आठवत नाही. (आई डोळे पुसताहेत. त्या म्हणतात, लिहू नको. – सून) (ते कांद्याचं आहे. आता लिही. कांदा मी चिरत नव्हते, ते लिहू नको.)

आता माझा पराक्रम ऐक. मध्यंतरी त्या डब्याचा पंखा कुरकुरायला लागला. शिंप्याच्या घरात कुरकुरणाऱ्या वस्तूला काय करतात? तेच मी केलं. माझ्या शिवणमशीनची लांब चोचीची कुपी काढली, काच सरकवली आणि पंख्याच्या मधोमध तेल सोडलं. बाबा म्हणायचे, मशीन मागेल तेवढं द्यावं. हे मशीन हावरट निघालं, मागायचं थांबेचना. संध्याकाळी तुफानने डबा सुरू केला, तसं पंख्याने सगळं तेल आतून काचेवर भिरकावलं. दिवे सरबताच्या बाटलीत ठेवल्यासारखे दिसायला लागले. तिने मला विचारलं, "आजी, तू यात काही घातलंस?" मी म्हटलं, "मी कशाला घालू? इतके राजे आत कोंडलेत, घाम आला असेल." (कुपी उशीखाली सापडली. – सून)

दुरुस्तीवाला आला. माणूस सज्जन, पण शर्टाची कॉलर इतकी तिरकी शिवलेली की माझं अर्धं लक्ष तिथेच. त्याने तेल पुसलं, पंखा बदलला, आतली धुळीची गादी काढली, प्रोसेसरवर नवा लेप लावला. म्हणाला, धुळीमुळे तापून हा आणखी हळू चालत होता. तुफानने लगेच नव्या प्रोसेसरचं विचारलं. तर म्हणे, नवा या मदरबोर्डवर बसायचा नाही. मदरबोर्ड बदलला की रॅमही बदला. म्हणजे अस्तर उसवायला घेतलं आणि कोटच नवा. मी विचारलं, निदान चित्रं तरी छान दिसतील का? तर नाही, चित्रांचं काम ग्राफिक्स कार्डाचं, ते चांगलं आहे. गोळीबाराचे खेळ असते तर राहू द्या म्हटलं असतं, पण राजांच्या खेळात फरक पडेल, आजी. थांबावंच लागणार नाही.

हे त्याने मला मिठाईची पुडी हातात द्यावी तसं सांगितलं.

आणि नुसत्या साफसफाईनेच फरक पडला बघ. चकती फिरली न फिरली तोच टिंग. खुर्ची माझ्याकडे यायची ती अर्ध्या वाटेवरून परत. मी "तर बाबा म्हणाले" म्हणेपर्यंत राजे मोकळे. हळूहळू खुर्चीने फिरायचंच सोडलं. पोरीची पाठ छान आहे, केस आपल्या दोघांच्या आईसारखे दाट, पण पाठीला गोष्टी किती सांगणार? हा तर नुसता अंघोळ घातलेला जुना प्रोसेसर. नवा आला तर मला तिचं तोंड फोटोतच बघावं लागेल.

असो. मी कुणाची बाजू घेत नाही. कुणाची भीड न धरता तुझं मत कळव.

तुझी ताई
(अंगठा माझाच आहे, सूनबाईचा नाही.)

ता. क. मत 'नको' असं कळव. कारणं जडशी घाल, टेलिफोन खात्यातली. ती आपल्याला कळली नाहीत की पोरांना ती खरी वाटतात.

आणखी ता. क. वरचं रद्द. पत्र पुरं झाल्यावर मी सूनबाईला मोठ्याने वाचायला लावलं (अक्षर येत नसलं तरी काय गाळलंय ते मला ऐकून कळतं). 'नको असं कळव' इथे आलो आणि बघतो तर दारात तुफान, खांद्यावर पर्स, पायात चपला. सूनबाईने कागद पदराखाली घेतला, पण उशीर झाला होता. पोरीने पर्स खाटेवर टाकली. डबा सुरू केला, चाल केली, बटण दाबलं, आणि खुर्ची फिरवून म्हणाली, "आजी, मामाआजोबांना शाळेत घातलं. तुला का नाही गं घातलं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूही नाहीस. लगेच सांगवेना, म्हणून आधी थोडी तुझी निंदा केली, मग सुरुवात झाली. मध्येच टिंग वाजलं. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. मीही ऐकलं नाही असं दाखवलं. (मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. – सून) राजे बसले ताटकळत.

तेव्हा तुझं खरं मत असेल ते कळव, प्रोसेसर घ्यायचा तर घेऊ दे तिला. पण उत्तराची मुळीच घाई करू नकोस. आमची शाळेची गोष्ट अजून पहिलीतच आहे.