डावा वूफर गप्प

४ फेब्रुवारी, मंगळवार

तिनंच जाळलाय! दुसरं कोण?

धाकट्या बहिणीकडे नेलेले माझे स्पीकर परवा परत आले. नवऱ्यानंच गाडीतून आणले, जागेवर ठेवले, वायरी जोडल्या. आज निवांत लावले तर डावीकडून नुसती चिरचिर. वरचा बारका ट्विटर वाजतोय, पण खालचा मोठा वूफर ठार मुका! याच्या दणक्यानं खिडकीची काच थरथरायची.

फोन केला. "ताई, शप्पथ, तुझ्याइतका मोठा आवाज मी लावतच नाही." म्हणजे उलट मलाच!

लहानपणी माझी सायकल नेली, चाक वाकवून आणली. कोट नेला, बाही उसवून आणला. दर वेळी आईचं एकच, "लहान आहे गं ती." चाळिशी आली बाईची! या वेळी पुराव्यानिशी पकडणार. आईसमोर.

५ फेब्रुवारी, बुधवार

डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. उजवा बॉक्स तरीही दणदणीत, डावा तरीही मुका. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष, वायरी निर्दोष. दोष बॉक्समध्येच.

नवरा पेपराआडून म्हणाला, "जुना झाला असेल. राहू दे ना."

राहू दे! याचं सगळं आयुष्य 'राहू दे'मध्ये चाललंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याला विचारलं. म्हणाला, "बॉक्सच्या मागच्या पिनांना साधा सेल टेकवा. वूफर चांगला असेल तर टप्प करून हलेल."

टेकवला. ढिम्म! जळला म्हणजे जळलाच.

त्याला परत फोन केला. "ताई, आतली वायर सुटली तरी असंच होतं. आधी स्क्रू काढून बघा."

बघायचं काय त्यात? मला कळायचं ते कळलं.

धाकटी शनिवारी घर बदलतेय. सामानाला आमची गाडी देणार होते. नाही देत! मेसेज टाकला — 'माझी वस्तू तुझ्याकडे टिकत नाही.' तिनं वाचला. आज जेवण झकास गेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

तिनं म्हणे हातगाडी केली. कपाटाचा आरसा फुटला. आई फोनवर रडत सांगत होती. मी म्हटलं, "बरं झालं. वस्तू मोडली की कसं वाटतं ते कळेल तिला."

नवरा सकाळपासून गायब. संध्याकाळी धुळीनं माखून उगवला. "तिचं सामान चढवायला गेलो होतो." घरचा भेदी! मी ताट वाढलं नाही. त्यानं आपलं आपण वाढून घेतलं, भांडीही घासली. मग दारात येऊन उभा, काहीतरी बोलायचं होतं. दार लावून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

जिंकले!

आईकडे सगळे जेवायला होतो. मावशीसुद्धा. जेवता जेवता विषय काढला. वायरींची अदलाबदल, सेल — सगळं मांडलं. वाटलं, धाकटी नेहमीसारखी फणकारेल. तर तिनं एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "हो ताई. माझ्याकडूनच झालं. फार मोठा लावला होता. चुकलं."

मावशी म्हणाली, "झालं ना? सोड आता." मी म्हटलं, "ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणू दे तिला."

म्हणाली. पुन्हा. आई डोळे पुसत होती.

नवरा ताटावरून उठून गॅलरीत गेला. जाईना का! घरी येताना मी गाणं गुणगुणत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

अजून मजा येतेय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जळका वूफर काढून तिच्या नव्या घरी पाठवायचा बेत होता — भिंतीवर टांग म्हणावं! जाळी काढली, स्क्रू काढले, वूफर बाहेर ओढला.

जळका वास नाही. दोन्ही वायरी सुटलेल्या. सुटलेल्या कसल्या, काढलेल्या! टोकांना हिरवी टेप, नीट गुंडाळलेली. टेपचा शेवट दुमडलेला, सोडवताना नखानं खरवडावं लागू नये म्हणून. घरात अशी टेप एकच माणूस लावतो. त्याच्या सायकलच्या मुठींना हीच आहे.

सेल थेट वूफरला टेकवला. टप्प! धडधाकट.

तो आला तेव्हा बॉक्स तसाच उघडा होता. चप्पल न काढता उभा राहिला.

"दिवसभर छापखान्यातली मशीन छातीत धडधडते. घरी आलो की पुन्हा तेच. स्पीकर परत आणले त्या दिवशी तू घरी नव्हतीस. डाव्याच्या वायरी काढल्या, निदान अर्धा दणका कमी."

"मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं. तू आवाज वाढवलास."

वाढवला होता. हसून.

"आणि धाकटीवर आळ आला तेव्हा?"

"तिच्यावर येईल असं वाटलंच नव्हतं. आला, आणि मग माझं तोंडच उघडेना."

हातातला स्क्रूड्रायव्हर फेकून मारावासा वाटला. कुणाला, ते ठरेना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीकडे गेले. दारातच म्हटलं, "तू केलंच नव्हतंस."

"माहीत आहे की. भाऊजींनी शनिवारीच सांगितलं. तुला सांगायला घाबरत होते. म्हटलं, मी घेते अंगावर. तुझा राग झेलायची मला लहानपणापासून सवय आहे."