देसाई काकांनी चहा केला

प्रिय बाबा,

जय भीम! आज लिहिल्याशिवाय राहवेना. तुमची सुजू डॉक्टर झाली! आणि ऐका, तुमचे देसाई काका हरले. साफ हरले!

आठवतं ना, फरीदाबादच्या आपल्या घरी दर रविवारी तुम्हा दोघा मित्रांचं तेच भांडण? शीतयुद्ध का संपलं? काका म्हणायचे, "अमेरिकेने शस्त्रांच्या शर्यतीत रशियाला दमवलं, तिजोरी रिकामी, खेळ खलास!" तुम्ही म्हणायचात, "दमलेली माणसंही भांडतात हो! समोरचा जिवावर उठलेला नाही हे पटलं, तेव्हा संपलं." हार मानेल त्याने चहा करायचा, अशी अट. दोघं कसले मानतायत! शेवटी चहा आईच करायची, भांडी आपटत. एकदा तरी उठायचं होतंत ना, बाबा?

तुमचंच म्हणणं मी पीएच.डी.च्या प्रबंधात मांडलं. आज तोंडी परीक्षा होती, कुणीही येऊन बसावं अशी खुली. काका पहिल्याच रांगेत! परीक्षकांचं झाल्यावर उभे राहिले अन् म्हणाले, "तिजोरी रिकामी झाली म्हणूनच ना?" इथे अडखळले असते तर सगळी मेहनत पाण्यात, आणि तुमचं म्हणणंही.

म्हटलं, "काका, तंगी होतीच. पण तंगीत माणूस जास्त चिडतो. हंगेरीत, प्रागमध्ये लोक उठले तेव्हा मॉस्कोने रणगाडे घातले. बर्लिनची भिंत पडली तेव्हा रणगाडे छावणीतच राहिले. का? अमेरिकेशी बोलणी झाली, क्षेपणास्त्रं मोडीत निघाली, मॉस्कोच्या नेत्यांच्या मनातली भीती ओसरली. मग शेजारी देश मुठीत धरायची गरजच वाटेना."

काका हळूच म्हणाले, "मान्य." काय टाळ्या पडल्या, बाबा!

संध्याकाळी ते थेट आपल्या स्वयंपाकघरात शिरले. "वहिनी, आज हलायचं नाही," म्हणत आईला खुर्चीत बसवलं. साखर इतकी घातली की विचारू नका! पहिला कप तुमच्या फोटोपुढे ठेवला. "हरलो रे, गौतम," म्हणाले आणि ढसाढसा रडले. आईने दुसरा कप हातात घेतला आणि म्हणाली, "चला, या घरातलं शीतयुद्धही संपलं एकदाचं!"

शब्द देते बाबा, रविवार मोडू देणार नाही. तुमच्या जागेवर बसून काकांशी भांडेन, दयामाया न दाखवता. आणि मी हरलेच कधी, तर चहाला मीच उठेन. आई नाही.

तुमची,
डॉक्टर सुजू