ड्राइव्ह सापडत नाही

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर. फोन हाताशी असताना बाप पत्र का लिहीत बसलाय, हा प्रश्न तुला पडलाच असणार. कारण आहे, पण ते शेवटी सांगेन, नाहीतर तू मधलं सगळं गाळून थेट तिथेच उडी मारशील. लहानपणापासून तुझी ती खोड आहे. तेव्हा जावईबापूंना चहा टाकायला सांग आणि जरा निवांत बसून वाच.

आपली पैज तू विसरली नसशीलच. मागे तू येऊन राहिलीस, फ्रिज उघडून बघितलास, ओट्यावर पालथा घातलेला एकच कप आणि एकच बशी बघितलीस, आणि निघायच्या सकाळी पुन्हा तोच विषय काढलास. बाबा, हे घर सोड, आमच्याकडे चल, मागची खोली रिकामीच आहे. मी म्हणालो, मला एकट्याला सगळं जमतं. नेमका तेव्हाच आपला म्हातारा कॉम्प्युटर काळा पडदा दाखवून आडवा झाला. तू चिडून म्हणालीस, सगळं जमतं ना, मग हे मशीन मला न विचारता सुरू करून दाखव. केलंस तर मी हा विषय जन्मात पुन्हा काढणार नाही, आणि नाही जमलं तर मुकाट्याने सामान बांधायचं. मीही तावातावाने म्हणालो, लागली पैज. घर ठेवतोय की सोडतोय हे घरमालकाला महिनाअखेरीस कळवायचं होतं, म्हणून तीच मुदत ठरली. तू रिक्षात बसलीस तेव्हाही आपण दोघं फुरंगटलेलोच होतो.

तर त्या मशीनची हकिगत ऐक. जुनी सिस्टीम पार मेली होती. तू फोटो आधीच उतरवून घेतले होतेस, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. तिच्या जागी लिनक्स टाकायचं ठरवलं, कारण ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशीनवर चालतं, असं वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं होतं. पेन ड्राइव्हवरून सुरू होणं आपल्या मशीनच्या पिढीला ठाऊकच नाही, म्हणून डिस्क हवी. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. डिस्क म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, की मी ग्रामोफोनची तबकडीच मागितली आहे. पण माणूस भला. कपाटाच्या तळातून एक कोरी डिस्क शोधून काढली, फुंकर मारून पुसली आणि तिच्यावर लिनक्स उतरवून दिलं. वर विचारलं, काका, घरात कुणी तरुण मंडळी नाहीत का? मी म्हणालो, आहेत की, पण सध्या पैज लागली आहे. त्याला काय कळलं देव जाणे.

घरी येऊन डिस्क घातली, मशीन चालू केलं. डिस्क घरघरली, दिवा लुकलुकला आणि पडद्यावर लिनक्सची पाटी झळकली. मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. भाषा विचारली, सांगितली. कीबोर्ड कुठला विचारला, सांगितला. आणि पुढच्या पानावर या लिनक्सबाईसाहेब म्हणतात, डिस्क वाचणारा ड्राइव्ह सापडत नाही! अगं, मग आत्तापर्यंत तू वाचत कशावरून होतीस? ज्या ड्राइव्हच्या पाठीवर बसून आत आली, त्यालाच ओळख दाखवेना. मी पडद्याशी मोठमोठ्याने भांडलो. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी खिडकीतून विचारलं, पाहुणे आलेत का? नाही म्हणालो. एवढ्यावरच आमचं बोलणं संपलं.

मला माहीत असलेली रीत एकच, कारखान्यात विजेची पॅनेल जोडताना शिकलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, नाही जमलं तर ती पूर्ववत करून पुढची धरायची. आधी डिस्कवर संशय घेतला. शिक्षिकाबाईंच्या मशीनवर लावून बघितली, तिथे ड्राइव्ह बिनबोभाट सापडला. तरी झेरॉक्सवाल्याकडून दुसरी करून घेतली, अगदी सावकाश वेगाने लिहून. तेच. मग ड्राइव्हच्या भिंगावरची धूळ पुसली. तेच. मग मशीनच्या पोटातल्या निळ्या पानावर गेलो, जिथे ड्राइव्हशी जुन्या पद्धतीने बोलायचं की नव्या, हे ठरवता येतं. जुनी होती ती नवी केली, नवीची पुन्हा जुनी केली. ढिम्म. मग ड्राइव्हची केबल मदरबोर्डवर एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत खोवली. तरीही तेच पान आणि तेच वाक्य. मासिकात छापलेले दोन-चार आज्ञांचे मंत्र मशीन सुरू होतानाच टंकून पाहिले, पण बाईसाहेब काही प्रसन्न झाल्या नाहीत. मी हात टेकले, मग चहा घेतला आणि पुन्हा बसलो.

आता मधली एक गोष्ट, जी मी फोनवर बोललो नाही. या पैजेने माझी चांगलीच पंचाईत केली. तुझी आई गेल्यापासून आपल्या दोघांत पोटभर बोलायचा विषय एकच उरला होता, काहीतरी बिघडलेलं. माझा मिक्सर, तुझा गिझर, तुझ्या ऑफिसातला तो अडकणारा दरवाजा. तू बिघाड सांगायचीस, मी उपाय सांगायचो, तू तो खोडून काढायचीस आणि तासभर कसा जायचा कळायचं नाही. या वेळी माझ्या घरात इतका सुरेख बिघाड चालू होता आणि नेमकं त्याविषयीच बोलायला बंदी. तू विचारायचीस, कसं चाललंय? मी म्हणायचो, चाललंय. जेवलास? जेवलो. मग फोन बंद व्हायचा. त्यानंतर घर इतकं गप्प असायचं, की मी बाथरूमचा नळ थोडा सोडून ठेवायचो. पाणी वाया जातं हे मला कळतं. रागावू नकोस, आता बंद केला आहे.

मशीन दाद देईना, तसतसा माझ्यात एक चमत्कारिक बदल व्हायला लागला. रोज नवीन काहीतरी करून बघायचो, आणि ते फसलं की वाईट वाटायच्या ऐवजी जरा हलकं वाटायचं. एकदा भाजी चिरता चिरता लक्षात आलं, की मी तुमच्या मागच्या खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा याचा विचार करतोय. खिडकीखाली लावला तर उजेड तोंडावर येईल, दाराजवळ लावला तर तुमची ये-जा कानावर पडेल. मी दाराजवळचा निवडला. मग स्वतःचीच लाज वाटली आणि उरलेली भाजी भराभर चिरून टाकली. पण दुसऱ्या दिवशी कपाट आवरायला काढलं. कुणी विचारलं असतं तर उन्हाळी साफसफाई म्हणालो असतो, पण विचारणार कोण?

आणि मग चोर सापडला. तू हसशील. तू गेल्यानंतर मी मशीनचं कॅबिनेट उघडून आतल्या सगळ्या केबली नीट लावल्या होत्या. आम्हा पॅनेलवाल्यांना लोंबकळणारी वायर बघवत नाही. मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक केबल टाके घातल्यासारखी आवळून बांधायची, कोपऱ्यावर काटकोनात वळवायची, हे हाताला इतकं बसलेलं आहे की डोळे मिटून होईल. ड्राइव्हची ती पातळ, चपटी केबलही मी तशीच करकचून बांधली होती, काटकोनात दुमडून. सुरुवातीला मशीन रमतगमत वाचत होतं तोवर ती कसंबसं पोचवत होती. लिनक्सने ताबा घेऊन जोरात विचारायला सुरुवात केली की तिला ततपप व्हायचं, आणि मग ड्राइव्ह नाहीच असा निकाल. मी खाच बदलली, पण केबल तीच, आणि गाठीही त्याच. बोटाने चाचपून बघितलं तर दुमडीपाशी केबल चेपून पांढरी पडली होती. जगावर संशय घेतला, फक्त स्वतःच्या बांधणीवर घेतला नाही, कारण ती फार देखणी झाली होती.

कारण कळलं आणि मी कॅबिनेट तसंच उघडं ठेवून उठलो. खोट्या कारणासाठी बाजारात गेलो, साबण घरात असताना साबण आणला. काहीच केलं नाही तर आपोआप हरतो, हे मला स्पष्ट दिसत होतं. तुझ्याकडे यायला मिळालं असतं आणि मान खाली घालून, बघ, नाही जमलं, एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण भिंगरी, उभा जन्म बिघाड शोधण्यात घालवलेल्या माणसाला सापडलेला बिघाड तसाच सोडता येत नाही. खोटं हरणं माझ्याच्याने झालं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री घेतली, दोरा कापला, झेरॉक्सवाल्याकडून जुनीच पण धड केबल मागून आणली आणि ती सैल, वेडीवाकडी, अगदी माझ्या नजरेला टोचेल अशी सोडून दिली.

ड्राइव्ह सापडला. पट्टी हळूहळू भरत गेली, डिस्क शेवटी बाहेर आली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि स्वच्छ नवा पडदा समोर उभा राहिला. मी मोठ्याने म्हणालो, झालं गं! कुणाला म्हणालो ते मलाही माहीत नाही. वर गेलो तर शिक्षिकाबाईंच्या दाराला कुलूप. झेरॉक्सवाल्याला सांगितलं, तो अरे वा म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद लावायला वळला, त्याचीही चूक नाही. घरी आलो. मशीन व्यवस्थित चालू होतं आणि त्यावर करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. इतकं एकटं मला तुझी आई गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं, तेव्हा निदान तू शेजारच्या खोलीत होतीस.

मग तुला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. कारण मला माझं तोंड माहीत आहे. तुझा आवाज ऐकताच मी छाती फुगवून म्हणालो असतो, बघ, जिंकलो! आणि तू माझीच मुलगी, दिलेला शब्द पाळणारी. तू अभिनंदन केलं असतंस, आणि मागच्या खोलीचा विषय खरोखरच जन्मात पुन्हा काढला नसतास. त्या भीतीने हे पत्र लिहितोय, कागदावर माझी फुशारकी जरा कमी चालते. पैज मी जिंकलो आहे, हे आधी मोकळ्या मनाने कबूल कर. आणि मग, राणी, माझ्यासाठी एवढा एक शब्द मोड. चल म्हणून मला अजून एकदा विचार. घरमालकाला मी अजून काहीच कळवलेलं नाही.

तुझाच, जिंकून बसलेला,
बाबा