बदकाची चाल

ताई,

काल तुम्ही लेकीला शाळेच्या पँटचं माप द्यायला माझ्याकडे घेऊन आलात. ती दारातून आत चालत आली आणि मी तिला लगेच ओळखलं. रोज जेवताना माझी मुलगी वर्गातल्या 'बदका'ची चाल करून दाखवते. आम्ही पोट धरून हसतो. "पुन्हा कर गं," असं मीच म्हणते.

माप घेताना तुमची लेक म्हणाली, "काकू, पँटचा डावा पाय आखूड ठेवा हं. तुमची मुलगी माझी एकुलती एक मैत्रीण आहे. घरी येताना तीच माझ्यासोबत हळूहळू चालते."

आज मुलगी पुन्हा ती चाल करून दाखवायला ताटावरून उठली. तिला झापायचं मी ठरवलंच होतं. पण ताई, आधी मला हसूच फुटलं.

तुमच्या लेकीच्या मैत्रिणीची आई